घारापुरीला कोणता एसटीपी बसवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घारापुरीसारखं छोटं बेट, वस्ती हजाराच्या घरात, वर दिवसभर पर्यटकांची ये-जा. अशा ठिकाणी सांडपाण्यासाठी बाजारात तयार मिळणारा पॅकेज एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, बसवावा का? बसवायचा तर किती क्षमतेचा आणि कोणत्या तंत्राचा? आणि लक्षद्वीपमध्ये घरोघरी सेप्टिक टाक्या आहेत, तर इथं तेवढ्यावर का भागू नये?

माझं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. अख्ख्या बेटाला मिळून एक प्लँट नको. वाड्यांचं पाणी वेगळं, पर्यटकांचं वेगळं. प्रत्येक वाडीला उताराने चालणारी, ब्लोअर (टाकीत हवा भरणारं यंत्र) नसलेली छोटी व्यवस्था करा. आणि गाळ कुठे जाणार हे ठरल्याशिवाय कुठल्याही टाकीचं खोदकाम सुरू करू नका.

मी गेली सत्तावीस वर्षं याच धंद्यात आहे, बहुतेक काम कोकणपट्टीतलं. पॅकेज प्लँट मीही बसवलेत आणि दोन ठिकाणी बसवलेले काढूनही टाकलेत. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं माझ्याच चुकांतून आलेलं आहे.

हिशेबापासून सुरुवात करू, कारण पहिली फसगत तिथेच होते. ठेकेदाराच्या माहितीपत्रकात सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरलेला असतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल त्याचं माप. हा आकडा शहरातला आहे. शहरात माणशी १३५ लिटर पाणी पुरवठा धरतात, त्यातलं ८० टक्के गटारात येतं, म्हणजे १०८ लिटर. माणूस दिवसाला साधारण २७ ग्रॅम बीओडी टाकतो. २७ ग्रॅम १०८ लिटरमध्ये मिसळले की बरोबर २५० येतात. आता बेटावर या. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरले तर गटारात येणार ४४ लिटर. माणूस तोच, त्याचे २७ ग्रॅमही तेच. भागाकार करा, ६०० च्या वर जातो. उन्हाळ्यात पाणी याहून कमी मिळालं तर आणखी वर.

म्हणजे हजार वस्तीला दिवसाचं पाणी जेमतेम ४४ हजार लिटर, पण ते शहराच्या पाण्यापेक्षा अडीचपट दाट. ‘५० केएलडीचा (दिवसाला ५० हजार लिटरचा) प्लँट बसतोय, वर सहा हजार लिटर शिल्लक राहतात’ असं कुणी सांगितलं तर पाण्याच्या मापात तो खरं बोलतोय. घाणीच्या मापात मात्र तो प्लँट निम्म्याहून लहान आहे. ब्लोअर २५० च्या हिशेबाचा आणि येणारं पाणी ६०० चं. पहिल्या महिन्यातच टाकीला वास सुटतो, मग सांगितलं जातं की ‘कल्चर (जंतूंचं विरजण) नीट लागलं नाही’ आणि शेणाचा काला ओतायला सुरुवात होते. शेणातले जंतू गाईच्या पोटात हवेशिवाय जगणारे. हवेच्या टाकीत ते बिचारे काय करणार!

आता पर्यटक. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. एवढी एक गोष्ट या बेटावरच्या कुठल्याही जैविक प्लँटची रचना ठरवते, आणि आराखड्यात तिची नोंद क्वचितच सापडते. मंगळवार ते शनिवार बोटी भरून येतात, रविवारी झुंबड उडते, सोमवारी शुकशुकाट. सकाळी पहिली बोट लागल्यापासून संध्याकाळी शेवटची सुटेपर्यंत जो काही भार असेल तो, मग रात्रभर काही नाही, कारण पर्यटकांना मुक्कामाची परवानगीच नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, तेव्हा सलग काही दिवस उपास. टाकीतले जंतू म्हणजे दावणीला बांधलेली जनावरं. रविवारी पोतं ओतायचं आणि सोमवारी चाराच घालायचा नाही, असं दर आठवड्याला केलं तर ती धड राहत नाहीत.

आणि हा चारा तरी कसला? तासा-दीड तासाचा बोटीचा प्रवास करून उतरलेला माणूस बहुतेक वेळा लघवीलाच जातो. हिशेबासाठी दिवसाला २,००० माणसं धरू, त्यातली १,२०० स्वच्छतागृहात जातात असं समजू, एका वेळेला ६ लिटर पाणी. झाले ७,२०० लिटर. त्यात साडेतीनशे-चारशे लिटर निव्वळ लघवी. म्हणजे बीओडी बेताचा, पण नायट्रोजन भरमसाट. लघवीतला युरिया फुटून अमोनिया होतो, आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जंतू फार नाजूक असतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना ते पाण्यातली सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, खातात. युरिया फुटताना जी अल्कलिनिटी तयार होते ती निम्म्याच कामाला पुरते. मग पाणी आंबट होत जातं, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली उतरला की हे जंतू काम मंदावतात आणि पुढे बंदच करतात. स्टेशनवरच्या, एसटी स्टँडवरच्या किंवा देवस्थानच्या स्वच्छतागृहांमागचे प्लँट वर्षभरात का बसतात, याचं अर्धं उत्तर यात आहे. बाकीचं अर्धं उत्तर फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्यांत. सफाईवाल्याने सकाळी दोन बाटल्या ओतल्या की दुपारपर्यंत जंतूंचा कारभार आटोपतो.

म्हणून पर्यटकांचं पाणी गावाच्या पाण्यात मिसळू नका. पुरुषांच्या बाजूला बिनपाण्याची मुताऱ्यांची भांडी बसवा आणि लघवी वेगळ्या बंद टाकीत घ्या. बेटावर ती उरतेच, नाहीशी होत नाही, हे मान्य. पण ७,२०० लिटर दूषित पाण्यापेक्षा दोनेकशे लिटर दाट द्रव सांभाळणं किती तरी सोपं. सहा महिने बंद साठवली तर ती जंतूंच्या दृष्टीने बऱ्यापैकी निर्धोक होते आणि दहापट पाणी घालून झाडांना देता येते. नाही तर कॅनमधून परतीच्या बोटीने किनाऱ्यावर न्या, तिथे ती गटारात जाऊ दे. शौचालयांचं उरलेलं पाणी एका मोठ्या समतोल टाकीत घ्या. तिचं माप रविवारचं पाणी मावेल आणि ते सोमवार-मंगळवारपर्यंत थोडं थोडं सोडता येईल असं ठेवा. आणखी एक स्वस्त उपाय: बोटीत चढण्याच्या ठिकाणी स्वच्छ, मोफत आणि ठळक पाटी लावलेलं स्वच्छतागृह. मुंबईच्या बाजूला मलवाहिन्या आहेत, बेटावर नाहीत. तिथे जाऊन आलेला प्रत्येक माणूस बेटावरचा भार कमी करतो.

आता खाऱ्या पाण्याचं सांगतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

एका खाडीकाठच्या वस्तीवर माझा एमबीबीआर (हवेच्या टाकीत प्लास्टिकच्या तुकड्यांवर जंतूंचं अस्तर वाढवणारा) प्लँट होता. बेट नव्हे, पण तीन बाजूंना पाणी. आठ-दहा दिवस उत्तम चाले, मग अचानक फेस, गढूळ पाणी आणि सडक्या अंड्याचा वास. पुन्हा आठवडाभर ठीक. आम्ही ब्लोअर बदलला, डिफ्यूझर बदलले, ऑपरेटरला बोल लावले. शेवटी एका अमावास्येच्या दुपारी मी स्वतः समतोल टाकीचं झाकण उचललं. आतल्या भिंतीवर दहा-बारा छोटे खेकडे चढून बसले होते. चिरमुऱ्याएवढे डोळे माझ्याकडे लावून. खेकडे सेप्टिक टाकीत जन्मत नाहीत. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी तळच्या चेंबरच्या सांध्यातून मलवाहिनीत शिरत होतं आणि त्याबरोबर ही पाहुणेमंडळी. विद्युतवाहकतेचा, म्हणजे पाणी किती खारं ते सांगणारा, मीटर आणून मोजलं तर ओहोटीला दीड हजारच्या आसपास असलेला आकडा भरतीला अकरा हजारांवर. समुद्राचा साधारण पन्नास हजार असतो, म्हणजे टाकीत पाचवा हिस्सा समुद्र. जंतू गोड्या पाण्याला सरावतात, हवं तर खाऱ्यालाही सरावतात, पण दर पंधरवड्याला इकडून तिकडे उड्या मारायला सांगितलं तर मरतात.

शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. ते हवा नसलेल्या टाकीत गेलं की त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. वास तर येतोच, पण टाकीच्या वरच्या ओलसर स्लॅबला त्याचं गंधकाम्ल बनतं आणि काँक्रीट खडूसारखं भुसभुशीत होतं. खाऱ्या पाण्याने शौचालय फ्लश करण्याची कल्पना बेटांवर वारंवार पुढे येते, गोडं पाणी वाचतं म्हणून. वाचतं, पण त्याचं बिल स्लॅब भरतो.

मुंबई बंदरात उधाणाला पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं. म्हणून बेटावरचं कुठलंही चेंबर, कुठलाही पाइप उधाणाच्या रेषेच्या खाली नको. जिथे इलाज नाही तिथे सांधे वितळवून जोडलेला एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप वापरा, विटांचं चेंबर अजिबात नको. रेषा कुठली हे नकाशावर शोधत बसू नका. गावातल्या कोळ्याला विचारा, तो बोट कुठे बांधतो ते दाखवील.

विजेबद्दल एकच परिच्छेद. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला वीज पोचली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. आता वीज आहे म्हणून ब्लोअरवर अवलंबून राहायचं का? वीज असणं आणि ब्लोअर चोवीस तास चालणं या वेगळ्या गोष्टी. खाऱ्या हवेत ब्लोअरचं बेअरिंग गेलं की ते काढायचं, जेट्टीवर न्यायचं, बोटीत घालायचं, मुंबईत दुरुस्त करून परत आणायचं. पावसात हेच पंधरा दिवसांचं काम. एमबीबीआरमधलं जंतूंचं पातळ अस्तर हवेशिवाय एक-दोन दिवसांत सडायला लागतं. नायट्रेट करणाऱ्या जंतूंना परत जम बसवायला दोन-तीन आठवडे लागतात. दोनशे घरांची ग्रामपंचायत शिकलेला ऑपरेटर पगारावर ठेवील आणि तो टिकेल, यावर मी पैज लावणार नाही. चांगला शिकला की तो उरणच्या एखाद्या कंपनीत जाणार. जावंच त्याने.

तर मग काय बसवायचं?

घारापुरीत तीन वाड्या आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही किनाऱ्याला, मधे दीडशे मीटरच्या वर चढणारे डोंगर. तिघींचं पाणी एका जागी आणायचं म्हणजे पंप आले आणि पंपासाठी काळ्या कातळात चर आले. इतका खर्च पाइपात घालण्यापेक्षा प्रत्येक वाडीचं पाणी वाडीतच निस्तरावं.

घरापासून सुरुवात करू. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी शौचालयाच्या टाकीत सोडू नका. कोकणातल्या जुन्या घरांना हे सांगावं लागत नाही. न्हाणीच्या मागे केळी आणि अळू असायचेच, आणि त्या अळवाच्या फतफत्याला कुणी नाक मुरडलं नाही. आठ महिने हे पाणी परसातच मुरवा. अळूच्या पानांवर पाणी उडू देऊ नका, मुळाशी सोडा, एवढं पथ्य. मासळी धुतलेलं पाणी मात्र यात धरू नका. रक्त, खवले, चरबी यांनी त्याचा बीओडी मैल्याच्या पाण्यालाही मागे टाकतो. त्याला मोरीच्या तोंडाशी जाळी आणि तेलकट थर अडवणारा छोटा हौद हवा. जाळीतलं कोंबड्यांना किंवा खताच्या खड्ड्यात.

शौचालयाचं पाणी दोन-तीन घरांत मिळून एका सेप्टिक टाकीत घ्या. टाकीला खाली तळ हवा, हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण ‘सेप्टिक टाकी’ या नावाखाली मी जे बघितलंय त्यात निम्म्या ठिकाणी बिनतळाचा खड्डा होता. टाकीतून वरचं निवळ पाणी तेवढं बारीक पाइपाने पुढे न्यायचं, ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या. घट्ट मैला टाकीतच राहिल्यामुळे या पाइपाला मोठा उतार लागत नाही, चर उथळ चालतो, मोठी चेंबरं लागत नाहीत. कातळावर याहून स्वस्त मलवाहिनी मला माहीत नाही.

पुढे वाडीच्या खालच्या अंगाला बॅफल रिॲक्टर. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी: एकच लांब टाकी, आत पाच-सहा आडव्या भिंती, पाणी प्रत्येक कप्प्यात तळाशी शिरतं आणि वरून पुढे जातं, त्यामुळे तळच्या गाळातल्या जंतूंशी त्याची गाठ पडतेच. हलणारा भाग एकही नाही. वाडीचं दिवसाचं पाणी १५ हजार लिटर धरलं तर ७ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर पाण्याची टाकी पुरते. दीड दिवस पाणी आत राहतं. सेप्टिक टाकी आणि हा रिॲक्टर मिळून ६०० चा बीओडी १२०–१५० वर आणतात.

मग झाडांचा वाफा. ६० सेंटिमीटर खोल, खाली जाड प्लास्टिकचं अस्तर, त्यात १० ते २० मिलिमीटरची खडी, त्यावर कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून आडवं सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. एका वाडीला साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे. बाहेर बीओडी ३० च्या आत येतो, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांत महानगरांबाहेरच्या प्लँटसाठी हीच मर्यादा घातलेली आहे. हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक आकडे सांगितले, म्हणून जागा असेल तर अडीच गुंठे धरा. खडी दगडाच्या भुकटीसकट टाकू नका. धुऊन घ्या. मी एकदा घाईत न धुता टाकू दिली होती, आठ महिन्यांत वाफ्याच्या तोंडाशी डबकं साचलं आणि पहिले तीन मीटर उपसून काढावे लागले. शेळ्यांसाठी कुंपण घाला. कर्दळ त्या सोडत नाहीत.

या वाफ्यात अमोनिया फारसा कमी होत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण मुंबई बंदराच्या गढूळ, दिवसातून दोनदा बदलणाऱ्या पाण्यात एका वाडीच्या १५ हजार लिटरमधल्या अमोनियाची मला फार काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती जंतूंची, आणि त्यातही एका विशिष्ट ठिकाणी.

ओहोटीला बेटावरच्या बायका खडकांवर कालवं फोडायला आणि चिखलात शिंपल्या वेचायला उतरतात. कालव म्हणजे जिवंत गाळणी. तासाला काही लिटर पाणी ते अंगातून गाळतं आणि त्यातलं जे अडेल ते पोटात साठवतं, त्यात कावीळ अ चा विषाणूही येतो. पाण्यात तो मोजायला सापडणार नाही इतका विरळ असेल, पण कालवात दाटलेला असतो. त्यामुळे आउटफॉलची, म्हणजे पाणी समुद्रात सोडायची, जागा इंजिनिअरने एकट्याने ठरवू नये. मी एका गावात नकाशावर सुरेख जागा काढली होती, जवळ, उताराची, तिवरांपासून लांब. जागेवर गेलो तर एक आजी तिथेच कोयत्याने कालवं फोडत बसलेली. मला म्हणाली, “हितं सोडनार? मग आमी खावाचा काय?” नकाशावर कालवं नसतात. पाइप ऐंशी मीटर पुढे गेला.

जागा ठरली की वेळही ठरवा. वाफ्यातून आलेलं पाणी बारा तास मावेल अशा हौदात साठवायचं आणि भरती उलटली की पहिल्या दोन तासांत सोडायचं, म्हणजे ओहोट त्याला बाहेर घेऊन जाते. यासाठी सेन्सर नको. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे कोकणात पोराटोरांना माहीत असतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हौदाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. क्लोरिन घालायचं का? माझं मत नाही म्हणून पडतं. पाण्यात अमोनिया शिल्लक आहे, तो अर्धंअधिक क्लोरिन खाऊन क्लोरामाइन करील, जंतू थोडे मरतील आणि तिवरांच्या मुळातली मासळीची पिल्लं जास्त मरतील. साथ असेल तेवढे दिवस अपवाद.

लक्षद्वीपकडे वळतो, कारण ती तुलना अपुरी आहे. घारापुरी काळ्या कातळाची, वर मुरमाचा पातळ थर. लक्षद्वीप प्रवाळाच्या वाळूचं. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४ हजारांवर लोक, एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर आणि वस्ती फक्त १० बेटांवर. त्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, सायीसारखं. पुरुषभर खणलं की विहिरीला पाणी लागतं. सोय म्हणून हे उत्तम, पण शोषखड्ड्याचं पाणीही त्याच सायीत उतरतं. वाळू इतकी सच्छिद्र की गाळायला वेळच मिळत नाही. एकाच अंगणात विहीर आणि सेप्टिक टाकी, मधे पाच-सात पावलं, असं चित्र तिथे नवीन नाही. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या तापमानातल्या फरकावर चालणारा, रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला, पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही. ते प्रकल्प समुद्राचं पाणी गोडं करतात. जमिनीखालची साय नासतेय ती त्यांनी सुधारत नाही. तिथे नायट्रोजनही परवडत नाही, कारण लगूनचं पाणी नितळ आणि उथळ. नायट्रोजन वाढला की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. म्हणजे घारापुरीला मी ज्याकडे थोडा काणाडोळा करतो तेच तिथे पहिल्या क्रमांकाचं. लक्षद्वीपला माझा सल्ला वेगळा असता: तळबंद टाक्या, शोषखड्डे पूर्ण बंद, पाणी माडांच्या मुळाशी वरच्या थरात, विहिरीपासून दूर.

डीआरडीओने सियाचीनसाठी बनवलेल्या आणि रेल्वेच्या डब्यांखाली बसलेल्या बायोडायजेस्टरबद्दलही लोक विचारतात. वस्तू चांगली आहे, मैला पचवते. पण तिच्यातून बाहेर येणारं पाणी स्वच्छ नसतं. त्याला पुढे वाफा लागतोच.

कातळातल्या शोषखड्ड्याचा धोका निराळा. खडक आख्खा दिसतो, पण त्याच्या भेगांतून पाणी गाळल्याविना धावतं. विहिरीपासून दहा मीटर सोडले म्हणून निश्चिंत राहू नका. शंका असेल तर खड्ड्यात पाच-सात किलो मीठ विरघळवून ओता आणि दोन-तीन दिवस विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता सकाळ-संध्याकाळ मोजा. आकडा चढला तर उत्तर मिळालं. सोबत एचटूएसच्या कुप्या ठेवा, पाणी भरून दीड-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत. आशा सेविकांनासुद्धा ही चाचणी जमते. मालवणच्या सिंधुदुर्गात भोवती सगळं खारं आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. शौचकूप मात्र तटाच्या बांधकामात, काठाला. ज्यांनी बांधलं त्यांच्याकडे एचटूएसच्या कुप्या नव्हत्या.

गाळाचं मघाशी म्हटलं होतं. हिशेबाला माणशी वर्षाला ७०–७५ लिटर गाळ धरतात. हजार माणसांचा ७५ हजार लिटर. मुख्य भूमीवर टँकर बोलावतात. वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी तर आळीपाळीने सगळ्या टाक्या ठरावीक वर्षांनी उपसायची पद्धत बसवली आणि गाळासाठी वेगळा प्लँट केला. बेटावर टँकर येणार कुठून? बार्जवर चढवून आणता येईल, पण एका खेपेला चार-पाच हजार लिटर, म्हणजे वर्षाला पंधराहून जास्त खेपा, त्याही भरतीच्या वेळा सांभाळून, आणि तीनपैकी प्रत्येक वाडीत टँकरचा रस्ता हवा. हे पहिल्या वर्षी होतं, तिसऱ्या वर्षी बंद पडतं.

त्यापेक्षा चाकांवरचा छोटा डायफ्राम पंप, शंभर मीटर नळी आणि बेटावरच गाळ सुकवायचे चार वाफे, प्रत्येकी दहा चौरस मीटर. खाली खडी, वर वाळू, वाळूत पाणकणीस. माथ्यावर पारदर्शक पत्रा, नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं परत पातळ. उपसा नोव्हेंबर ते मे. झिरपलेलं पाणी परत बॅफल रिॲक्टरमध्ये. भरलेला वाफा किमान वर्षभर विसरून जायचा, कारण जंतांची अंडी चिवट असतात. मग तो गाळ माडाच्या आळ्यात चालतो, पालेभाजीला नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही, सुरक्षासाधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतला वायू कायदा वाचायलाही वेळ देत नाही.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही, त्या कंटाळवाण्या आहेत. लेणी संरक्षित स्मारक असल्यामुळे भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तिवरांना हात लावायचा नाही. सीआरझेडची (किनारपट्टी नियमनाची) मंजुरी लागेल. आराखडा करण्याआधी या रेषा नकाशावर काढा, म्हणजे वाफ्यासाठी दोन गुंठे नेमके कुठे उरतात ते कळेल. कधी कधी ते उरतच नाहीत, मग एकाऐवजी दोन तुकड्यांत करावा लागतो.

पण सगळ्याच्या आधी मोजणी. पंधरा दिवस, ज्यात एक उधाण, एक भांग (उधाणाच्या उलट, सगळ्यात लहान भरती), दोन रविवार आणि दोन सोमवार येतील. पर्यटकांच्या स्वच्छतागृहाच्या टाकीवर साधं पाणीमीटर बसवा, दर दोन तासांनी आकडा वहीत लिहा. प्रत्येक वाडीच्या एका घराचं दिवसाचं पाणी हंड्यांनी मोजा. सकाळ-संध्याकाळ विद्युतवाहकता. बीओडीचे चार नमुने बर्फात घालून पहिल्या बोटीने प्रयोगशाळेत. उन्हाळ्यात मोजलं असेल तर पुन्हा ऑगस्टमध्ये एकदा. ती वही पाठवलीत तर कप्प्यांची मापं आणि वाफ्याची लांबी-रुंदी मी काढून देतो, त्याआधी कुठलाच आकडा पक्का धरू नका, वर मी लिहिलेलेसुद्धा.